निज् धातू, टॉवेल विभाग

बर्गनहून ऑर्डर आली. चार हजार टॉवेल, लहान मुलांचे,
साडेचारशे जीएसएम, मधोमध पांढरा घोडा
छातीपर्यंत पाण्यात, खाली एक शब्द.
चारच अक्षरं. दुसऱ्याच्या पोटातून
तिरकी काडी गेलेली,
ताण्यातून धोटा जाताना अडकावा तशी.

येमूल म्हणाला, "दशरथा, ह्यो ओ फाटलाय की काय बघ."

मी ग्राफ भरणारा माणूस. अक्कलकोट रोडला
पंख्याखाली बसून चौकट चौकट घोडा उतरवतो.
याला मागचे पाय नव्हते.
मेल टाकली : पाय राहिलेत का?
इंगेब्योर्गबाईंचं उत्तर : राहिले नाहीत, नाहीतच.
न्योक तळ्यात असतो. पाठीवर पोर बसलं
की पाठ लांबते, अजून एक मावतं, अजून एक,
मग तो आत जातो.
पण कुणी नाव घेतलं तर तिथंच संपतो.
तेवढं नाव ठळक विणा.

अंग पुसायच्या कापडावर
बुडवणारा.

रविवारी बिराजदार सरांकडे गेलो.
त्यांचा कोश चादरीच्या किनारीनं बांधलेला.
किनार सोडायलाच त्यांना पाच मिनिटं लागली.
"न्योकच्या आधी न्यिकर," सर म्हणाले,
"त्याच्या आधी निक्वुस. आता त्या क ला नीट कान लाव.
आत ग आहे. तिकडं त्याचा क झाला,
आपल्याकडं ज.
निज्. धुणे. नेनेक्ति, तो धुतो."

राक्षसाच्या नावात नुसतं धुणं?

"आणि हे बघ, याच धातूचा. निर्णेजक."
म्हणजे?
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"परीट," म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता
चहा सांगायला आत गेले.

कंबर तलावाच्या काठी अंबूआत्याचा दगड होता.
दवाखान्याच्या चादरी, लग्नाच्या मांडवाची कापडं,
सोड्यानं पांढरी पडलेली बोटं.
आम्ही कमळांकडे सरकलो की ओरडायची,
"आसरा वढतील रे, मुडद्यांनो!"
सर म्हणतात, आसरा म्हणजे अप्सरा,
पाण्यातून सरकणाऱ्या.
आणि डोक्यावरचा आसरा? तो आश्रय. तो वेगळा.
असेल. आत्याला फरक माहीत नव्हता,
तिनं दोन्हींकडे पाठ करून
आयुष्यभर कपडे आपटले.

तिला नावानं कुणी हाक मारली नाही.
ए परटीण, कालचं धोतर झालं का?
परटीण, दोन चादरी कमी आहेत.
अंबूबाई तुकाराम, असं पूर्ण नाव
मी पहिल्यांदा पाहिलं महापालिकेच्या दाखल्यावर.
नाव घेतलं की संपतो म्हणे.
मला त्या दिवशी हे कुठं ठाऊक होतं.

नमुना विणून पाठवला.
मशीननं ती तिरकी काडी खाल्ली होती.
बाईंनी हसून लिहिलं : काडी गेली
की आमच्याकडे काही लोक वाचतील, "पुरे."
घोडा बुडवतोय आणि खाली लिहिलंय पुरे.
कृपया दुरुस्त करावं.

केलं दुरुस्त. चार हजार गेले,
काडीसकट, कंटेनरमधून.
बिघडलेला एक घरी आणला.
नवा टॉवेल पाणी शोषत नाही, खळ असते त्यात,
पहिल्यांदा धुवावाच लागतो.
मशीन होतं, तरी बादलीत घेतला,
मोरीत उकिडवा बसलो,
हात आपोआप आपटायला वर गेला.
वरच राहिला थोडा वेळ.

मग बोलून बघितलं, हळू, बायकोला ऐकू जाऊ नये असं.
न्योक. निज्.
अंबू.

पाण्याला निळसर झाक आली.
पहिल्या धुण्याला थोडा रंग जातोच.